धैर्यधर आमचा, भामिनी कुणाचीही

सिनेमा लागायच्या आधीच त्यात काय बिघडलंय हे कोल्हापूरला कळलेलं असतं. बघून मत देणं ही आमच्याकडं जरा हलकीच गोष्ट. तिकीट काढलं की ते कुणालाही जमतं. न बघता सांगायचं, आणि दिग्दर्शकाला स्वतःलाही अजून सुचले नसतील असे घोटाळे बारीक तपशिलासकट सांगायचे, याला अंगात कला लागते. ती आमच्याकडं पेठेपेठेत आहे.

२०२४ च्या हिवाळ्यात या कलेला ऊत आला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ नाटकावर सुबोध भावे सिनेमा काढताहेत आणि १० जानेवारी २०२५ ला तो लागणार, असं पक्कं झालं. झालं, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर संध्याकाळचा मुक्काम वाढला. इथं म्हशी समोर उभ्या असतात. गवळी ग्लास तिरका धरून थेट त्यात धार काढतो, वर चार बोटं फेस चढतो आणि ग्लास तसाच कोमट तुमच्या हातात येतो. ज्याला विषय गंभीरपणे मांडायचा असेल त्यानं ओठावरचा फेस पुसायचा नाही, असा इथला रिवाज असावा. कारण आमचे आबा वरच्या ओठावर पांढरी मिशी घेऊनच बोलायला लागले.

‘भामिनीच्या कामाला कोण घेतलंय?’

‘वैदेही परशुरामी.’

‘म्हंजे बाई?’

‘व्हय, बाईच.’

‘तिथंच मातेरं झालं. खाडिलकरांनी भामिनी काय बाईसाठी लिहिली व्हती?’

यावर कुणाला उत्तर सुचेना, कारण मुद्दा बिनतोड होता. १२ मार्च १९११ ला मुंबईच्या रिपन थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीनं ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला तेव्हा नायिका भामिनी झाले होते बालगंधर्व. त्यानंतर कितीतरी गायिकांनी ती भामिनी रंगवली, गाजवली. पण आबांच्या हिशेबी या सगळ्या बदली खेळाडू. मूळ चीज ती मूळ चीज.

दूधकट्ट्यावर आबांच्या समोरची बाजू दाजी लढवतात. दाजी म्हणजे सिनेमाचा माणूस. म्हणजे सिनेमात कधी काम केलेलं नाही, पण जयप्रभा स्टुडिओवरून रोज सायकल मारल्यामुळं तो अधिकार आपोआप अंगात उतरलाय, असं ते मानतात. त्यांनी लगेच खोड काढली. ‘आबा, ह्योच सुबोध भावे २०११ ला ‘बालगंधर्व’ सिनेमात बालगंधर्व झालता. तवा लुगडं नेसून भामिनीबी त्यानंच केली. आता त्योच भामिनीनं झिडकारलेला धैर्यधर हाय. म्हंजे त्येनं आधी नाकारलं ते सोत्तालाच, आणि आता चौदा वर्षांनी सोत्तालाच पटवायला निघालाय.’

‘आणि मधी २०१५ ला लोकमान्य टिळकबी झालता,’ तिसऱ्या कोपऱ्यातून पेटीमास्तर म्हणाले. ‘बालगंधर्व ही पदवी दिली टिळकांनी. म्हंजे देणारा त्योच, घेणाराबी त्योच. घरातल्या घरात कार्यक्रम उरकला.’

पेटीमास्तरांची देवल क्लबात ऊठबस. गायन समाज देवल क्लब १८८३ चा, त्यामुळं तिथं ऊठबस असणाऱ्या माणसाचं वय कितीही असलं तरी बोलणं त्याच सालातलं येतं. मास्तरांना भामिनी बाई आहे की बुवा याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांची चिंता चालींची. सिनेमाचं संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं असल्याचं कळल्यापासून ते पेटीचा भाता नुसताच हलवत बसायचे. ‘जुनी काही पदं ठेवणार म्हणं, आणि बाकी नवी गाणी. नवी? गोविंदरावांच्या शेजारी नवी?’

गोविंदराव म्हणजे टेंबे. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे. तिथं आमचा पहिला हक्क लागतो. ‘मानापमान’ला चाली दिल्या त्या आमच्या माणसानं, त्यामुळं त्या चालीत एक जरी कोमल गंधार इकडचा तिकडं झाला तर आधी आम्हाला विचारलं पाहिजे, अशी इथली भूमिका.

आता इथं मला मास्तरांना एक गोष्ट सांगायची होती, पण त्यांच्या हातात ग्लास होता म्हणून गप्प बसलो. ती इथं सांगतो. टेंब्यांनी १९११ मध्ये जे केलं तेच त्या वेळच्या आबा लोकांना किती झोंबलं असेल! १८८० च्या ‘शाकुंतल’पासून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या साक्या, दिंड्या, कामदा ऐकत मोठा झालेला रसिक समोर बसलेला. कीर्तनाच्या अंगानं गोष्ट पुढं नेणारी ती सुटसुटीत पदं. आणि या सांगवड्याच्या तरुणानं त्यांच्या पुढ्यात उत्तरेकडच्या बैठकीतल्या ठुमरी, दादरा, कजरीच्या वळणाच्या चाली आणून ठेवल्या. बैठकीतल्या! खानदानी नाटकात कोठ्यावरचा सूर! त्या काळीही कुणी तरी ओठावर फेस घेऊन ‘अण्णांच्या चाली त्या चाली’ म्हणून मान हलवलीच असणार. आज तेच बंड आम्ही देव्हाऱ्यात ठेवलंय आणि त्याला हात लावायचा नाही म्हणून पहारा देतोय.

आणि मूळ ‘मानापमान’ म्हणजे तरी नेमका कुठला, हाही प्रश्न आहेच. पन्नासच्या आसपास पदं. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि संपायच्या सुमारास गवळी धारा काढायला उठायचे. भामिनीनं एक पद म्हटलं की प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’. पुन्हा म्हटलं की पुन्हा ‘वन्स मोअर’. बिचारा धैर्यधर तलवार घेऊन तसाच उभा. पुण्यात बघितलेलं ‘मानापमान’ आणि मिरजेत बघितलेलं ‘मानापमान’ यांच्यात लांबीचा दीड-दोन तासांचा फरक पडला तरी कुणाला त्याचं काही वाटत नसे. कथा कुठंवर आली होती हे फक्त प्रॉम्प्टरला माहीत.

पण हे आबांना सांगायची सोय नाही. आबांचं ‘मानापमान’ एकच, आणि त्यात धैर्यधर एकच. केशवराव भोसले.

इथं आमचा दुसरा हक्क लागतो, आणि पहिल्यापेक्षा हा जहाल. केशवराव कोल्हापूरचे. ‘ललितकलादर्श’ १९०८ मध्ये काढली तेव्हा अठराही पुरती भरलेली नव्हती. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. लोक नाटक बघायला गेले होते असं म्हणतात, पण तसं काही नसावं. कुस्ती बघायला गेले होते. कोण चीतपट झालं यावर शंभर वर्षं उलटली तरी एकमत नाही. म्हणजे कोल्हापुरात आहे, बाहेर नाही. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस.

आबांचा जन्म त्यानंतर तीसेक वर्षांनी झाला. तरीही ‘केशवराव ही जागा अशी घेत नव्हते’ हे ते इतक्या खात्रीनं सांगतात की ऐकणारा मुकाट मान डोलावतो. कशी घेत होते हे मात्र ते गाऊन दाखवत नाहीत. नुसता हात वर नेतात, डोळे मिटतात आणि तो हात बराच वेळ वरच ठेवतात. एवढ्यावर जाणकारांनी काय ते समजायचं.

त्या वर्षी या सगळ्या बोलण्याला आणखी एक धार होती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, मूळचं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभे राहून मोठमोठी माणसं लहान पोरासारखी रडली, आणि त्याबद्दल मला विनोद सुचत नाही.

सुचतो तो नंतरच्या चर्चेबद्दल. ‘नाट्यगृह होतं तस्संच उभं राहिलं पाहिजे’ यावर गावात दुमत नव्हतं. होतं तस्संच. दगड न् दगड. दाजींनी एवढंच सुचवलं की होतं तस्संच करताना खुर्च्या तेवढ्या जरा रुंद करा, गुडघे लागत्यात. मास्तर म्हणाले, होतं तस्संच, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नीट जाईल असं काही तरी. आबांच्या घरच्या काकूंना होतं तस्संच हवं होतं, पण बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग पार्किंगपर्यंत येणार नाही असं. पार्किंगही हवं होतं, तेही शाहू महाराजांच्या काळात होतं तसंच, फक्त चारशे गाड्यांचं. आबांना वडा हवा होता, मध्यंतराच्या आधी गरम असलेला. मूळ वास्तूबद्दलची आमची निष्ठा अशी प्रत्येकाच्या खुर्चीपाशी येऊन जरा वाकते.

सिनेमाच्या बाबतीत मात्र कुणीच वाकायला तयार नव्हतं. टीझर आला. त्यात राजवाडे, मशाली, धनुष्यबाण, ढाली, उंच उंच कमानी. दाजी खूश. ‘बाहुबलीच की वो!’ आबांनी डोळ्यांवर हात घेतला. पुढं कळलं की सुमीत राघवन चंद्रविलास नावाचं काम करणार. हा चंद्रविलास कोण? नाटकात तर लक्ष्मीधर आहे, पैशानं भरलेला आणि हिमतीनं रिकामा. घोड्यावर बसायची धास्ती, तलवारीची त्याहून. त्याच्यापायी भामिनीनं गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करायचा, मग वनमाला होऊन त्याच्या मागं फिरायचं आणि मान कशाचा हे शिकायचं. या गोष्टीला खलनायक लागतच नाही. लक्ष्मीधराचा भित्रेपणाच पुरतो. ‘सिनेमाला खलनायक लागतोय आबा,’ दाजी समजावणीच्या सुरात म्हणाले. ‘नुसत्या भित्र्या माणसाला बघायला कोण तिकीट काढतंय? त्यो घरोघरी हाय.’

याच सुमारास आबांच्या अमेरिकेतल्या नातीचा व्हिडिओ कॉल आला. ती नुकतीच ‘विकेड’ बघून आली होती. ब्रॉडवेवर २००३ पासून चाललेली संगीतिका, तिचा सिनेमा २०२४ च्या नोव्हेंबरात तिकडं लागलेला. तिथल्या भक्तांचीही अशीच घालमेल चालली होती म्हणे. कुठलं गाणं उडवतात, नटीला ती वरची जागा येते का नाही, वगैरे. आबांना बरं वाटलं. आपल्यासारखे लोक तिकडंही आहेत तर! मग नातीनं सांगितलं की सिनेमा पावणेतीन तासांच्या जवळ जातो आणि तेवढ्यात फक्त पहिला अंक होतो.

‘आणि दुसरा?’

‘दुसरा पुढच्या नोव्हेंबरला.’

आबा बराच वेळ मोबाइलकडं बघत राहिले. ‘वर्षभराचं मध्यंतर? वडा नासंल की गं बाळ.’

दूधकट्ट्यावर यावरून दोन दिवस गेले. एक पक्ष म्हणत होता, भाव्यांनीही दोन भाग करावेत, म्हणजे सगळी पदं बसतील. दुसरा म्हणत होता, दोन भाग केले तर धैर्यधराचा अपमान एका वर्षी आणि मान दुसऱ्या वर्षी. मधल्या काळात कोल्हापूरनं काय करायचं?

मी एकदा धीर करून ‘कट्यार’चा विषय काढला. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. त्याचा २०१५ मध्ये लागलेला सिनेमा करायचं भाव्यांनीच ठरवलं तेव्हाही हाच बाजार भरला होता. खाँसाहेब म्हणून सचिन पिळगांवकर हे ऐकून आबांनी दूध अर्धं टाकलं होतं, आणि कोल्हापुरात दूध टाकणं ही साधी गोष्ट नाही. शंकर महादेवन पंडितजी होणार म्हटल्यावर उरलेलं अर्धं. मग सिनेमा लागला. राहुल देशपांड्यांनी खाँसाहेबांना आवाज दिला, महेश काळ्यांनी सदाशिवला, थिएटरं भरली. आबांनी तो किती वेळा बघितला हे काकूंना विचारू नये. एवढंच नाही, महेश काळ्यांना त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो नाटकातल्या पदाला नाही, सिनेमासाठी केलेल्या नव्या गाण्याला.

‘त्येच्यावर काय म्हणणं हाय आबा?’

‘परीक्षकात कोल्हापूरचं कोण नसंल,’ आबा म्हणाले.

दाजींनी मग हुकमाचं पान टाकलं. नाटकाचा सिनेमा करणं म्हणजे बाट, असं कोल्हापूरनं तरी म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. सिनेमा कॅमेऱ्याआधी आमच्याकडं नाटकाच्या पडद्यावर आला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. त्या रंगवलेल्या जंगलांतून, महालांतून पुढं बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, तिच्यातून बाहेर पडलेल्या माणसांची १९२९ मध्ये प्रभात. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, बोलपटांच्या पहिल्या पंगतीतला. त्यातला राजा हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे. संगीत कुणाचं? गोविंदराव टेंब्यांचंच. ज्या माणसानं ‘मानापमान’ला चाली दिल्या तोच पेटी काखोटीला मारून सिनेमात जाऊन राजा झाला, आणि त्याला कुणी अडवलं नाही.

‘अडवलं असतं,’ मास्तर पुटपुटले, ‘पण वर्षभरात प्रभातच पुण्याला गेली.’

मग सगळेच गप्प झाले. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली ही जखम कोल्हापूरच्या अंगावर अजून ओली आहे. दुधाचा दुसरा ग्लास मागवावा लागला.

१० जानेवारी उजाडला. ‘मी काय बघत नसतो’ असं महिनाभर सांगणारे आबा पहिल्याच खेळाला, इस्त्रीचा सदरा, काळी टोपी आणि कानात अत्तराचा फाया घालून, मल्टिप्लेक्सच्या सरकत्या जिन्यासमोर उभे होते. जिन्यावर पाय टाकायचा धीर होत नव्हता. मास्तर खिशात पदांची जुनी पुस्तिका घेऊन आले होते, तपासायला. अंधारात ती वाचता येईना म्हणून त्यांनी मोबाइलची विजेरी लावली तेव्हा मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी ‘काका, बंद करा की’ केलं. एरवी हा मोबाइल बंद करायचा सल्ला मास्तर देवल क्लबात पोरांना देतात.

पडद्यावर ओळखीची एक चाल सुरू झाली. मास्तरांची बोटं मांडीवर पेटी वाजवायला लागली. आबांचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. पद संपलं, आणि आबा सवयीनं, खणखणीत आवाजात ओरडले, ‘वन्स मोअर!’

सिनेमा पुढं गेला. त्याला काय, तो थांबत नाही. मागचा पोरगा वाकून हळूच म्हणाला, ‘आबा, यूट्यूबवर हाय. कितीबी डाव ऐका.’

बाहेर आल्यावर सगळे आबांच्या तोंडाकडं बघत होते. महिनाभराची तयारी होती, निकाल ऐकायचा होता. आबांनी टोपी काढली, झटकली, घातली. चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव.

‘काय म्हणता आबा?’

‘म्हणायचं काय. आपण म्हणत हुतो तेवढं बिघडवलंच न्हाई त्येंनी.’ आणि मग जरा थांबून, ‘तरी पण धैर्यधर.’

‘धैर्यधराचं काय?’

आबांनी हात वर नेला, डोळे मिटले.

मग ठरलं, की सिनेमाचं सिनेमापाशी, पण नाट्यगृह नव्यानं उभं राहिलं की पहिला प्रयोग ‘मानापमान’चाच करायचा, आणि तो मूळ बरहुकूम. एक अक्षर बदलायचं नाही. दूधकट्ट्यावरच समिती झाली. आबा अध्यक्ष. मास्तरांनी पुस्तिका काढली, आबांनी कानामागची पेन्सिल. पदं मोजली. दाजींनी विचारलं, ‘आबा, हॉल तीन-साडेतीन तासांसाठी मिळतोय. मधी वड्याची पंधरा मिनिटं धरा. आणि शेवटची केएमटीची बस?’

आबांनी पेन्सिलीला जीभ लावली आणि पहिली फुली मारली. मग दुसरी. मास्तर खुर्ची ओढून जवळ सरकले. तिसऱ्या फुलीला त्यांनी आबांचं मनगट धरलं. ‘ह्ये तर ठेवणीतलं! ह्ये कसं काढतासा?’

‘सिनेमात हाय की. यूट्यूबवर ऐका.’

चौथी, पाचवी, सहावी. पेन्सिल अशी सपासप चालली की बिचाऱ्या शंकर-एहसान-लॉयनाही घाम फुटावा. पान भरत आलं तेव्हा मास्तरांच्या काही तरी ध्यानात आलं. त्यांनी पुस्तिका हिसकून घेतली, चष्मा वर ढकलला, फुल्यांवरून बोट फिरवलं.

‘आबा, ही सगळी भामिनीची.’

‘मग?’

‘धैर्यधराचं एकबी पद काढलं न्हाईसा.’

‘न्हाई निघणार,’ आबा म्हणाले, आणि गवळ्याकडं वळून ओरडले, ‘आणखी चार ग्लास सोड रं. फेस जादा.’